गिनी फाउलचे ठिपकेदार पीस

फ्लाय फिशिंग या मासेमारीत गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. गळाच्या बारीक दांडीवर रेशीम, लोकर, जर, केस आणि पिसे दोऱ्याने गुंडाळून एक खोटा किडा तयार करतात. त्यालाच फ्लाय म्हणतात. हा किडा इतका हलका असतो की नुसता भिरकावला तर दोन हातही पुढे जात नाही. म्हणून दोरच वजनदार ठेवतात आणि लवचिक काठीच्या झोक्याने तो दोर फ्लायला ओढत नेऊन पाण्यावर सोडतो. ट्राउट, सॅमन, ग्रेलिंग हे थंड, नितळ, वाहत्या पाण्यातले मासे अशा रीतीने धरण्याची परंपरा युरोपात फार जुनी आहे आणि तिचा बहुतेक भार पिसांवर आहे. कोंबडा, बदक, तितर, मोर, फेझंट, टूकन, मकाव अशा कितीतरी पक्ष्यांची पिसे या कलेत आली. त्यांतली काही पुढे कायद्याने बंद झाली, काही पक्षीच दुर्मीळ झाल्यामुळे मिळेनाशी झाली. काळ्या-करड्या रंगावर पांढरे गोल ठिपके असलेले गिनी फाउलचे पीस मात्र एकोणिसाव्या शतकातल्या कृतींत होते आणि आजच्या कृतींतही आहे. या पिसाला मानाचे स्थान क्वचितच मिळाले. फ्लाय बांधणीचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास समजून घ्यायला ते फार उपयोगी पडते.

गिनी फाउल हा मूळचा आफ्रिकेचा पक्षी. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील गवताळ माळांवर आणि खुरट्या झुडपांच्या प्रदेशात तो आजही थव्यांनी चरताना दिसतो. वाटोळे अंग, पिसे नसलेला निळसर-लाल चेहरा, डोक्यावर हाडाचा उंचवटा आणि दूरवर ऐकू जाणारा कर्कश आवाज या त्याच्या खुणा. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत त्याचे चिन्ह आहे. ग्रीक लोक त्याला मेलिएगर या वीराच्या बहिणींचे रूप मानत. भावाच्या मृत्यूवर त्यांनी गाळलेले अश्रू म्हणजे पिसांवरचे ठिपके, अशी त्यांची कथा. रोमन लेखक वॅरो याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिलेल्या शेतीविषयक ग्रंथात या आफ्रिकी कोंबडीची नोंद केली आहे. खवय्यांनी अलीकडेच तिला जेवणात आणले असून ती महाग विकली जाते, असे तो सांगतो. रोमन सत्तेच्या पडत्या काळानंतर पश्चिम युरोपातून तिचे पालन जवळजवळ नाहीसे झाले. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोर्तुगीज जहाजांनी पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून हा पक्षी पुन्हा युरोपात नेला. तिथल्या शेतकऱ्यांनी तो मांसासाठी, अंड्यांसाठी आणि परका कोणी अंगणात शिरताच गलका करणारा राखणदार म्हणूनही सांभाळला. भारतातही गिनी कोंबडी पाळतात. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी हे तिचे तीन वाण तयार केले आहेत.

फ्लाय बांधणाऱ्याला या पक्ष्याचे कौतुक वाटते ते त्याच्या पिसांतल्या ठिपक्यांमुळे. मानेवरची बारीक पिसे सोडली तर छाती, पाठ, कूस आणि शेपटीचे बूड या सगळ्या भागांवर काळसर पार्श्वभूमीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा असतात. पंखांच्या मोठ्या पिसांवर ठिपक्यांच्या जोडीला पांढरे आडवे पट्टेही दिसतात. पाठीवर ठिपके बारीक, कुशीकडे मोठे. म्हणून एकाच पक्ष्याच्या कातडीवरून लहान गळासाठी आणि मोठ्या गळासाठी वेगवेगळी पिसे निवडता येतात. खरी गंमत पीस गुंडाळल्यावर दिसते. पीस म्हणजे मधली दांडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दाटीने बसलेले तंतू. एक ठिपका एकाच तंतूवर मावत नाही. तो शेजारच्या अनेक तंतूंवरून पसरलेला असतो. त्यामुळे प्रत्येक सुटा तंतू काळा, पांढरा, पुन्हा काळा अशा टप्प्याटप्प्यांचा होतो. असे पीस गळाभोवती दोन वेढे दिले की तंतू एकमेकांपासून फाकतात, ठिपका मोडतो आणि गळाभोवती काळ्या-पांढऱ्या तुटक रेषांचे एक विरळ कडे तयार होते. प्रवाहात ते कडे थरथरते. पाण्यातल्या किड्यांचे पाय सहसा एकरंगी नसतात, त्यांवर गडद-फिके पट्टे असतात. लहान कोळंबी किंवा माशाचे पिलू यांच्या अंगावरही अशीच ठिपक्यांची नक्षी असते. एकाच रंगाचे पीस पाण्यात सपाट, निर्जीव दिसते. तुटक रेषांचे पीस हलल्याचा भास देते.

ठिपकेदार किंवा पट्टेदार पिसांचे हे महत्त्व माशांमागे हिंडणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. फ्लायचे सर्वांत जुने सविस्तर वर्णन रोमन लेखक ईलियन याच्या प्राण्यांविषयीच्या ग्रंथात, म्हणजे सुमारे इसवी सन २०० च्या आसपास सापडते. मॅसिडोनियातल्या एका नदीवर लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे तिच्यावर बसवतात, असे तो लिहितो. त्यानंतरचा मोठा टप्पा इंग्लंडमधला. १४९६ मध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने वेस्टमिन्स्टरला छापलेल्या ग्रंथात गळाने मासे धरण्यावरचा एक प्रबंध आला. परंपरा त्याचे श्रेय डेम ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीला देते. त्या प्रबंधात बारा फ्लायांच्या कृती आहेत आणि त्यांत तितराची व नर बदकाची नक्षीदार पिसे पंखांसाठी सांगितलेली आहेत. १६७६ मध्ये चार्ल्स कॉटनने आयझॅक वॉल्टनच्या मासेमारीवरच्या सुप्रसिद्ध ग्रंथाला दुसरा भाग जोडला आणि डोव्ह नदीच्या अनुभवावरून महिन्यामहिन्याच्या फ्लाय दिल्या. तिथेही नर बदकाच्या करड्या नक्षीदार पिसाला मोठा मान आहे. या सगळ्या कृती घराजवळ मिळणाऱ्या वस्तूंच्या आहेत: कुत्र्याचे केस, डुकराच्या कानामागची लव, मेंढीची लोकर, कोंबडा, बदक, तितर. शेताच्या आवारात आणि बांधावर जे सापडते, तेवढ्यावर बांधणाऱ्याची भिस्त होती.

लहान ट्राउट फ्लायसाठी तितराचे मऊ तपकिरी पीस अधिक सोयीचे असते, हे इथे मान्य केले पाहिजे. गिनी फाउलचे तंतू तितरापेक्षा राठ आणि लांब असतात, दांडी जाड असते. बारीक गळावर ते गुंडाळले की डोक्याशी गाठ फुगते आणि फ्लाय बोजड दिसते. हॅकल म्हणजे गळाभोवती गुंडाळलेले पीस. उत्तर इंग्लंडच्या मऊ हॅकलच्या परंपरेत, जिथे एका वेढ्यावर सगळा डोलारा उभा असतो, तिथे तितर, स्नाइप आणि प्लोव्हर यांचेच राज्य राहिले. गिनी फाउलला मोकळे मैदान मिळाले ते मोठ्या गळावर, म्हणजे सॅमनच्या फ्लायवर.

सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. नदीत शिरल्यावर तो जवळजवळ काहीच खात नाही. तरीही समोरून काही चमकत, हलत गेले तर तो त्यावर झडप घालतो. का घालतो याची चर्चा दीडशे वर्षे चालू आहे. बांधणाऱ्यांच्या दृष्टीने त्याचा परिणाम एवढाच की सॅमनची फ्लाय कुठल्या खऱ्या किड्यासारखी दिसलीच पाहिजे असे बंधन उरले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत स्कॉटलंडच्या ट्वीड नदीवरच्या फ्लाय साध्याच होत्या. विल्यम स्क्रोपने १८४३ च्या आपल्या पुस्तकात ट्वीडच्या सहा फ्लाय दिल्या आहेत. त्या गडद रंगाच्या, लोकरीच्या अंगाच्या, टर्की आणि बदकाच्या पंखांच्या आहेत. पण त्याच सुमारास आयर्लंडकडून भडक रंगांच्या फ्लाय येऊ लागल्या. विकलो परगण्यातून लंडनला आलेला विल्यम ब्लॅकर हा या नव्या ढंगाचा मोठा कारागीर. त्याच्या १८४२ च्या पुस्तकाने आणि १८५५ च्या वाढीव आवृत्तीने रंगीत रेशीम, जर आणि परदेशी पिसे यांची चटक इंग्रज श्रीमंतांना लागली. ब्रिटिश साम्राज्याची जहाजे जगभर फिरत होती. लंडनच्या मिन्सिंग लेनमध्ये पिसांचे लिलाव होत. स्त्रियांच्या टोप्यांसाठी येणाऱ्या त्या मालातला एक लहानसा वाटा गळ बांधणाऱ्यांकडेही वळला.

या काळाची खूण म्हणून एकाच फ्लायचे नाव घ्यायचे झाले तर ती जॉक स्कॉट. लॉर्ड जॉन स्कॉट यांच्या पदरी असलेल्या त्याच नावाच्या सेवकाने १८५० च्या सुमारास ती बांधली. तिची कृती वाचताना जगाचा नकाशा समोर उलगडत जातो. शेपटीला चीनकडच्या सोनेरी फेझंटचे चकचकीत तुरे आणि दक्षिण अमेरिकेतल्या इंडियन क्रो नावाच्या पक्ष्याचे लाल पीस. अंग दोन भागांचे, मागचा अर्धा भाग पिवळ्या रेशमाचा, त्याच्या वर-खाली टूकनची पिवळी पिसे, पुढचा अर्धा भाग काळ्या रेशमाचा, त्यावर रुपेरी जर आणि काळे हॅकल. पंखांत पांढऱ्या टोकांचे टर्की, बस्टर्ड, मोर, बदक, निळा-पिवळा रंगवलेला हंस, लाल मकाव. बाजूंना भारतातला रानकोंबडा, गालांना कोटिंगा या पक्ष्याचे निळे पीस, वर निळ्या मकावचे दोन तंतू. एवढ्या गर्दीत, काळ्या हॅकलच्या पुढे, फ्लायच्या कंठाशी गिनी फाउलच्या पिसाचे वेढे आहेत. इंग्रज बांधणीकारांच्या पुस्तकांत या पिसाला गॅलिना म्हणत.

कंठाची ही जागा महत्त्वाची आहे. सॅमन बहुधा खालून किंवा मागून फ्लायकडे पाहतो. पंखांची सगळी आरास वरच्या बाजूला असते. खालून जे दिसते ते अंगाचे रंग आणि कंठाचे तंतू. म्हणजे टूकन आणि कोटिंगा हे बांधणाऱ्याच्या पेटीत कितीही शोभले तरी माशाच्या नजरेला आधी पडत होते ते काळ्या हॅकलपुढचे पांढरे ठिपके. जॉक स्कॉटच्या कृतीतला हा गॅलिना पुढे कायम राहिला. परदेशी पिसांच्या जागी साधी पिसे, मग केस, मग कृत्रिम धागे आले, तरी सुधारून बांधलेल्या कितीतरी जॉक स्कॉटांच्या कंठाशी ठिपके आहेतच. त्याच काळच्या बुचर नावाच्या सॅमन फ्लायच्या कंठाला पिवळ्या हॅकलबरोबर गॅलिना सांगितला आहे.

या कलेची सर्वांत मोठी नोंदवही म्हणजे जॉर्ज केल्सन याचे १८९५ मधले द सॅमन फ्लाय हे पुस्तक. त्यात शेकडो फ्लायांच्या कृती आहेत आणि प्रत्येक पिसाची जागा, क्रम, रंग यांचे नियम घालून दिलेले आहेत. केल्सनची खात्री होती की पिसाच्या निवडीत थोडा फरक पडला तरी सॅमनला तो कळतो. या दाव्याला तेव्हाही विरोध झाला आणि अनुभव विरोधकांच्या बाजूने राहिला. पुढच्या पिढीतल्या प्राइस-टॅनॅटने १९१४ च्या आपल्या पुस्तकात त्याच फ्लाय अधिक शांतपणे, शिकणाऱ्याला समजतील अशा मांडल्या. केल्सनच्या नियमांचा आज काही उपयोग असेल तर तो इतिहासकाराला. कोणती पिसे किती सहज मिळत होती याचा त्याच्या कृतींतून अंदाज येतो. तो कोटिंगा सांगतो तितक्याच सहज गॅलिना सांगतो, पण कोटिंगासाठी जहाजाची वाट पाहावी लागे आणि गॅलिना शेजारच्या शेतावर मिळे. त्या काळच्या उधळपट्टीची कल्पना येण्यासाठी मेजर ट्राहर्न या बांधणाऱ्याच्या चॅटरर या फ्लायचे उदाहरण पुरेसे आहे. तिचे जवळजवळ सगळे अंग कोटिंगाच्या इवल्या निळ्या पिसांनी मढवलेले असते.

या परदेशी पिसांतल्या एकाचा मराठी मुलखाशी थेट संबंध आहे. इंग्रज ज्याला जंगल कॉक म्हणत तो पक्षी म्हणजे दक्षिण आणि पश्चिम भारतातला करडा रानकोंबडा. सह्याद्रीच्या जंगलात त्याची बांग पहाटे ऐकू येते. नराच्या मानेवरच्या पिसांच्या टोकाशी पिवळसर, मेणचट चकाकीचे थेंब असतात. सॅमन फ्लायच्या दोन्ही बाजूंना ही पिसे बसवली की माशाच्या डोळ्यांसारखी दिसतात. त्यासाठी एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कोंबड्यांच्या मानेची कातडी मोठ्या प्रमाणात बाहेर गेली. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची पिसे आणि कातडी परदेशी पाठवण्यावर बंदी घातली. तरीही चोरटा व्यापार थांबला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबड्याला देशातच संरक्षण मिळाले. आज ब्रिटनमधल्या बांधणाऱ्यांना हे पीस मिळते ते तिथेच पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांचे, आणि त्याची किंमत जबर असते.

ब्रिटनमध्येही वारे फिरले होते. टोप्यांसाठी होणाऱ्या पक्षीहत्येविरुद्ध १८८९ मध्ये एमिली विल्यमसन यांनी मँचेस्टरजवळ डिड्सबरी येथे स्त्रियांची एक संघटना सुरू केली. तीच पुढे पक्षी संरक्षणाची शाही संस्था झाली. अमेरिकेने १९१३ च्या जकात कायद्यात रानपक्ष्यांच्या पिसांची आयात रोखली. ब्रिटनने १९२१ मध्ये पिसांच्या आयातीवर बंदी आणणारा कायदा केला. कायदा टोप्यांकडे पाहून केलेला होता, पण त्याची झळ फ्लाय बांधणाऱ्यांनाही लागली. टूकन, इंडियन क्रो, कोटिंगा यांचे साठे जुन्या पेट्यांपुरते उरले. पहिल्या महायुद्धानंतर श्रीमंतांचे नोकरचाकर आणि मोकळा वेळ दोन्ही घटले. एक फ्लाय बांधायला अर्धा दिवस घालवणे परवडेनासे झाले. सोप्या कृतींची गरज निर्माण झाली आणि त्या कृतींत गिनी फाउलचा वाटा वाढत गेला. शेतावर पाळलेल्या पक्ष्यावर या बंदीचा काही परिणाम होणार नव्हता. पक्षी ताटासाठी मारला जात होता आणि पिसे उरत होती.

गिनी फाउलची मागणी खरी वाढली ती रंगकामामुळे, आणि त्यामागे जे नावाचा युरोपी पक्षी आहे. कावळ्याच्या कुळातल्या या पक्ष्याच्या पंखावर निळ्या, काळ्या आणि पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची काही लहान पिसे असतात. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक फ्लायांच्या कंठाला तीच लागत. चेल्टनहॅमच्या जेम्स ऑग्डनची इन्व्हिक्टा, आयर्लंडची कॉनेमारा ब्लॅक, स्प्राउस्टनच्या जेम्स राइटशी जोडली जाणारी थंडर अँड लाइटनिंग यांच्या कंठाला जेचे निळे पीस असते. पण ते पीस हाताळणे कठीण. त्याची दांडी जाड आणि ताठ. तिला धारदार पात्याने उभी चिरून पातळ केल्याशिवाय गुंडाळता येत नाही आणि नवशिक्याच्या हातात ती हटकून तुटते. शिवाय एका पक्ष्याकडून अशी थोडीच पिसे मिळतात. यावर उपाय म्हणून बांधणाऱ्यांनी गिनी फाउलचे पीस निळे रंगवले. गिनीचे काळे ठिकाण रंग घेतच नाही, कारण ते आधीच गडद आहे. पांढरा ठिपका मात्र रंग पूर्ण शोषतो. म्हणून रंगवलेल्या पिसावर काळ्या भूमीवर निळे ठिपके उमटतात, आणि ते गुंडाळल्यावर काळ्या-निळ्या तुटक रेषा तयार होतात. हाताच्या अंतरावर जे आणि गिनी यांतला फरक लगेच कळतो, वाहत्या पाण्यात तो फारसा राहत नाही.

रंगवण्याची रीत साधी आहे, घाई मात्र चालत नाही. पिसे आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवावी लागतात, कारण त्यांवरच्या नैसर्गिक तेलाने रंग चढत नाही. मग लोकर-रेशमाला चालणारा आम्लधर्मी रंग गरम पाण्यात विरघळवतात, त्यात थोडा व्हिनेगर घालतात आणि उकळी फुटू न देता पिसे त्यात ठेवतात. उकळले तर तंतू आखडतात. रंग चढल्यावर पिसे थंड पाण्यात खळाळून कापडात वाळवतात. निळ्यानंतर नारिंगी, लाल, पिवळा, हिरवा, जांभळा असे सगळे रंग आले. पाळीव गिनीचे फिक्या राखाडी रंगाचे आणि पूर्ण पांढरे वाणही आहेत. राखाडी पिसावर भूमीही रंग घेते, त्यामुळे एकाच रंगाच्या दोन छटा मिळतात. पांढऱ्या वाणात ठिपका दिसत नसल्याने बांधणाऱ्याला त्याचा विशेष उपयोग नाही.

जे आणि गिनी यांच्या या अदलाबदलीचे सर्वांत ठळक उदाहरण आयर्लंडच्या मोठ्या सरोवरांवरचे आहे. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश टी. सी. किंग्जमिल मूर यांनी ए मॅन मे फिश या १९६० च्या पुस्तकात बंबल नावाच्या फ्लायांची एक मालिका मांडली. लाटांवर डोलणाऱ्या, अंगभर दाट हॅकलच्या या फ्लाय समुद्रातून चढणाऱ्या ट्राउटसाठी होत्या. क्लॅरेट बंबल ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय. तिच्या डोक्याशी जेचे निळे हॅकल आहे. दुकानात मिळणाऱ्या क्लॅरेट बंबलांवर आज बहुधा निळा रंगवलेला गिनी फाउलच असतो.

स्कॉटलंडमध्ये केसांच्या फ्लाय आल्या तेव्हाही गिनी टिकून राहिला. गॅरी डॉग या फ्लायची गोष्ट अशी सांगतात की जेम्स राइटच्या दुकानात एक पाद्री आपल्या गॅरी नावाच्या सोनेरी कुत्र्यासह आला आणि त्याच कुत्र्याच्या केसांचा पंख बांधला गेला. गोष्टीतला कुत्रा खरा असो वा नसो, कृती पक्की आहे. पंख लाल-पिवळ्या केसांचा, अंग काळे, त्यावर रुपेरी जर आणि कंठ निळ्या रंगवलेल्या गिनीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर केसांच्या फ्लायांनी पिसांच्या पंखांना जवळजवळ बाजूला सारले. ट्वीड आणि टे नद्यांवरच्या पेट्यांतून मोर, बस्टर्ड, हंस निघून गेले.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्टीलहेड नावाचा मासा आहे. तो समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउटच. वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स गावचे शिक्षक सिड ग्लासो यांनी १९५० च्या दशकापासून स्कॉटलंडच्या स्पे नदीवरच्या जुन्या फ्लाय तिथल्या नद्यांसाठी नव्याने बांधल्या. स्पेच्या फ्लायला बगळ्याची लांब, लवलवती पिसे लागत. अमेरिकेत बगळा १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने संरक्षित असल्याने पुढच्या बांधणाऱ्यांनी फेझंटची लांब पिसे घेतली आणि त्यांच्यापुढे गिनीचे एक-दोन वेढे देण्याचा प्रघात पडला. १९९० च्या दशकात त्याच भागात इंट्रूडर ही आणखी मोठी, पाण्यात पसरणारी फ्लाय तयार झाली. शहामृगाचे किंवा रिया पक्ष्याचे मऊ तंतू पाण्याच्या दाबाने अंगाला चिकटतात. पुढे राठ गिनी असेल तर तो आधार देतो आणि मऊ तंतू मोकळे राहतात. लहान ट्राउट फ्लायवर दोष ठरलेला गिनीचा राठपणा इथे गुण ठरला.

गिनी गुंडाळण्याची पद्धत या सगळ्या काळात फारशी बदलली नाही. पिसाच्या बुडाशी असलेली लव काढून टाकतात. टोक दोऱ्याने बांधतात. दोन्ही बाजूंचे तंतू बोटांनी मागे ओढून दुमडतात आणि एक किंवा दोनच वेढे देतात. तिसरा वेढा दिला तर ठिपके दाटतात आणि कडे करडे दिसू लागते. फार लहान गळावर पीस गुंडाळण्याऐवजी त्याचे आठ-दहा तंतू कापून कंठाखाली दाढीसारखे बांधतात. नवे बांधणारे बहुधा पीस निवडताना चुकतात. तंतूची लांबी गळाच्या अणीपर्यंत पोचेल इतकीच असावी. पाकिटात सुटी विकली जाणारी पिसे निरनिराळ्या आकारांची असतात आणि त्यांतली निम्मी वाया जातात. पूर्ण कातडी घेतली तर सुरुवातीला खर्च जास्त येतो, पण प्रत्येक आकाराचे पीस हाताशी राहते.

फ्लाय आज प्रामुख्याने ज्या देशांत मजुरीवर बांधल्या जातात त्यांत केनियाचे स्थान मोठे आहे. १९०५ मध्ये ईवर्ट ग्रोगन याने अ‍ॅबर्डेअर डोंगरातल्या गुरा नदीत ट्राउट सोडले आणि त्याबरोबर हा खेळ तिथे रुजला. विसाव्या शतकात नैरोबी आणि आसपासच्या कार्यशाळांतून फ्लाय युरोप-अमेरिकेला जाऊ लागल्या. ज्या माळांवर गिनी फाउल मूळचा आहे, त्याच देशातले कारागीर आज ही पिसे गळाला बांधतात. पूर्व आफ्रिकेतच गिधाडी गिनी फाउल नावाची आणखी एक जात आहे. तिच्या छातीची लांब, निळी-काळी, पांढऱ्या रेघेची पिसे सॅमनच्या शोभिवंत फ्लायांत क्वचित वापरतात. सगळ्या जाती मात्र सारख्या सुरक्षित नाहीत. पश्चिम आफ्रिकेच्या वर्षावनातला पांढऱ्या छातीचा गिनी फाउल जंगलतोडीमुळे धोक्यात आहे आणि त्याचे पीस या कलेत येण्याचे कारण नाही.

जुन्या पिसांचा मोह मात्र अजून सुटलेला नाही. केल्सनच्या कृती हुबेहूब बांधून काचेखाली ठेवणाऱ्यांचा एक वर्ग जगभर आहे. मासे धरण्याशी त्यांचा संबंध क्वचितच येतो. जून २००९ मध्ये एडविन रिस्ट हा लंडनमध्ये बासरी शिकणारा अमेरिकी तरुण इंग्लंडमधल्या ट्रिंग येथील नैसर्गिक इतिहास संग्रहालयात रात्री शिरला आणि त्याने पक्ष्यांच्या २९९ कातड्या चोरल्या. त्यांत इंडियन क्रो, कोटिंगा, क्वेत्झल आणि स्वर्गपक्षी होते. काही नमुने निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस याने स्वतः गोळा केलेले होते. पिसे फ्लाय बांधणाऱ्या हौशी लोकांना विकली गेली. २०११ मध्ये रिस्टला स्थगित शिक्षा झाली. १७४ कातड्या अखंड परत मिळाल्या, पण त्यांतल्या केवळ १०२ कातड्यांना चिठ्ठ्या उरल्या होत्या. चिठ्ठीवर पक्षी कुठे, कधी, कोणी मिळवला ते लिहिलेले असते आणि ती गेली की तो नमुना विज्ञानाच्या दृष्टीने जवळजवळ निकामी होतो. एका छंदाने झालेले हे नुकसान भरून येण्यासारखे नाही, आणि त्या छंदाला मासा धरण्यासाठी त्या पिसांची गरज कधीच नव्हती.

हेल्मेटधारी गिनी फाउल, म्हणजे डोक्यावर उंचवटा असलेली नेहमीची जात, निसर्गात आजही विपुल आहे आणि फ्लायसाठी लागणारी पिसे तर पाळीव पक्ष्यांचीच असतात. फ्रान्समध्ये त्याचे मांस मोठ्या प्रमाणावर तयार होते. मांसासाठी कापलेल्या पक्ष्यांची पिसे धुऊन, रंगवून विक्रीला जातात. बर्ड फ्लूच्या साथीत कच्च्या कातड्यांच्या आयात-निर्यातीवर बंधने येतात, एवढाच अडथळा. जॉक स्कॉटच्या मूळ कृतीतली इंडियन क्रो आणि कोटिंगाची पिसे आज कायदेशीर मार्गाने मिळणे फार कठीण आहे. तिच्या कंठाचे ठिपकेदार पीस फ्लाय बांधणीचे सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात काही रुपयांत मिळते.